जिंतूरच्या डोंगरवाटा आणि एक साधा प्रश्न

वाचकहो, परभणीचे नाव काढले की ऐकणाऱ्याच्या ओठांवर एक म्हण हमखास येते : जगात जर्मनी, भारतात परभणी. ही म्हण अभिमानाची की थट्टेची, यावर खुद्द परभणीकरांतही एकमत नाही. एवढे मात्र खरे, की हे नाव ऐकून कोणाच्या मनात डोंगर येत नाहीत. डोळ्यांसमोर येते ती गोदावरीच्या खोऱ्यातील सपाट काळी जमीन, तिच्यातला कापूस, सोयाबीन, ज्वारी आणि उन्हाळ्यात चाळिशी सहज ओलांडणारा पारा. बदलीचा हुकूम हातात घेऊन मी या शहरात आलो तेव्हा माझ्याही मनात हेच चित्र होते. जिल्ह्याच्या उत्तरेला, जिंतूर तालुक्यात, अजिंठ्याच्या रांगेचे पूर्वेकडे उतरत आलेले डोंगर आहेत, त्यांच्या कुशीत जैन लेणी आहेत आणि पलीकडे पूर्णा नदीचा विस्तीर्ण जलाशय आहे, याची मला कल्पना नव्हती. ते सारे मला नव्या मित्रांनी दाखवले, आणि तेही मोटारसायकलवरून, डांबरी रस्ता सोडून.

त्या सफरीत मी स्वतःच्या हट्टाने एक प्रसंग ओढवून घेतला. तो सांगताना आजही थोडा संकोच वाटतो. तरीही सांगतो, कारण तुमच्या घरात पन्नाशीतला, रक्तदाबाची गोळी घेणारा आणि काहीही विचारले तरी ‘मला काही झालेले नाही’ असे उत्तर देणारा एखादा माणूस असेल, तर हा प्रसंग त्याच्याही वाट्याला येऊ शकतो.

नवी ओळख

पन्नाशीनंतर नवे मित्र मिळत नाहीत, असा माझा समज होता. पत्नीची नोकरी आणि मुलीची बारावी यांमुळे कुटुंब नाशिकला राहिले. मी एकटा परभणीत. संध्याकाळी बँकेतून खोलीवर यावे, डबा खावा आणि हातात मोबाइल घेऊन झोपेची वाट पाहावी, असे दिवस चालले होते. सहा महिन्यांत वजन वाढले, झोप उडाली आणि एका तपासणीत रक्तदाब वाढलेला निघाला. डॉक्टरांनी गोळी सुरू केली आणि रोज चालण्याची ताकीद दिली.

परभणीत चालायचे म्हणजे कृषी विद्यापीठाच्या परिसरात. १९७२ साली स्थापन झालेल्या या विद्यापीठाचे रुंद, झाडांनी झाकलेले रस्ते पहाटे माणसांनी गजबजलेले असतात. तेथे रोज तेच चेहरे दिसू लागले. आधी नुसते हसणे, मग ‘राम राम’, मग फेरी संपल्यावर टपरीवरचा चहा. असे चौघे माझ्या आयुष्यात आले. एक माध्यमिक शाळेतले भूगोलाचे शिक्षक, ज्यांना सारे ‘सर’ म्हणत. एक मोटारसायकल दुरुस्त करणारे मिस्त्री. विद्यापीठात पदव्युत्तर शिक्षण घेणारा सातारकडचा एक मुलगा. आणि चौथ्या, आरोग्यसेविका असलेल्या ताई. जिंतूर तालुक्यात नोकरी करताना लसीच्या डब्यासह वाड्या-तांड्यांवर जायचे म्हणून त्या दुचाकी चालवायला शिकल्या होत्या. डोंगरातल्या कच्च्या वाटा त्यांना तोंडपाठ होत्या. आम्ही ज्याला साहस म्हणत होतो, ती त्यांची वर्षानुवर्षांची कामाची वाट होती.

एकटेपणाचा शरीरावर काय परिणाम होतो, याकडे आता वैद्यकशास्त्रही गांभीर्याने पाहू लागले आहे. जागतिक आरोग्य संघटनेने २०२३ साली माणसांच्या परस्परसंबंधांचा आरोग्याच्या अंगाने विचार करण्यासाठी स्वतंत्र आयोग नेमला. माझ्यापुरते सांगायचे, तर त्या चहाच्या टपरीने मला झोप परत दिली. म्हणूनच कोजागरीनंतरच्या एका रविवारी जिंतूरच्या डोंगरात जायचे ठरले, तेव्हा मी एका शब्दात होकार दिला. या माणसांसमोर आपण कमी पडू नये, ही एक सूक्ष्म इच्छाही त्या होकारात मिसळलेली होती.

झरी, बोरी, जिंतूर

मिस्त्रींनी स्वतः दुरुस्त करून ठेवलेली एक जुनी एक्सपल्स माझ्या हाती दिली. उंच आसन, लांब हलणारे शॉकअप, पुढे मोठे चाक आणि खोल नक्षीचे टायर अशी ही गाडी. सरांकडे हिमालयन होती. ताईंची आणि त्या मुलाची मात्र साधी, रोजच्या वापरातली स्प्लेंडर. मिस्त्री हसून म्हणाले, ‘‘साहेब, डोंगराला गाडीची किंमत कळत नसते.’’

परभणीहून जिंतूर चाळीसेक किलोमीटर. झरी गेले, बोरी आली. दोन्ही बाजूंना सोयाबीनची काढणी चालू होती. कुठे मळणीयंत्राची धूळ उडत होती, कुठे कापसाची पहिली बोंडे फुटली होती. सकाळच्या गारव्यात हा प्रवास अंगाला सुखावणारा होता. बोरीच्या पुढे क्षितिजावर निळसर रेघ उमटली आणि सरांनी गाडी थांबवून बोट दाखवले. हे सारे दगड ज्वालामुखीच्या लाव्ह्याचे, सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचे. आपण ज्या काळ्या मातीवर उभे आहोत, तीही याच दगडाची झिजून झालेली, असे त्यांनी सांगितले. डोंगर आणि शेत एकाच पाषाणाची दोन रूपे आहेत, हे मला तोवर कधी जाणवले नव्हते.

जिंतूरला सर्वांनी पोहे खाल्ले. मी फक्त चहा घेतला, तोही दोनदा. सकाळची गोळी रिकाम्या पोटीच झाली होती. पाण्याची बाटली सोबत होती, पण तिला मी मुद्दाम हात लावत नव्हतो. वाटेत पुन्हा पुन्हा आडोसा शोधावा लागेल, आपल्यासाठी साऱ्यांना ताटकळावे लागेल, हा विचार त्यामागे होता. वाचकहो, या तीन क्षुल्लक गोष्टी लक्षात ठेवा.

नेमगिरी

जिंतूरपासून तीनेक किलोमीटरवर नेमगिरी आणि चंद्रगिरी या जोडटेकड्या आहेत. नेमगिरीच्या पोटात जैन लेणी कोरलेली आहेत. ठेंगण्या दारांतून वाकून आत जावे लागते. बाहेरच्या उजेडाची सवय असलेल्या डोळ्यांना आधी काहीच दिसत नाही. मग हळूहळू काळोखातून तीर्थंकरांच्या शांत मूर्ती प्रकट होतात. नेमिनाथ, बाहुबली आणि एका लहानशा दगडाच्या आधारावर तोललेली म्हणून प्रसिद्ध असलेली पार्श्वनाथांची भव्य मूर्ती. गाड्या आम्ही खाली उभ्या केल्या होत्या. हेल्मेट काढून, बूट सोडून, अनवाणी आत गेलो. इंजिनाच्या आवाजानंतर त्या गाभाऱ्यातली शांतता अंगावर येत होती.

बाहेर पडताना वाकलेला मी सरळ झालो आणि क्षणभर डोळ्यांसमोर अंधारी आली. भिंतीला हात टेकला, पुन्हा ठीक वाटले. कोणाच्या लक्षात आले नाही. मीही बोललो नाही.

डांबर संपते तेथे

नेमगिरीहून येलदरी धरणाकडे जायला चांगला रस्ता आहे. आम्ही मात्र ताईंच्या मागोमाग बैलगाडीच्या वाटेला लागलो. मुरूम, सुटे दगड, मधून मधून उघडा पडलेला कातळ. सीताफळाची झुडपे, सागाची मोठाली पाने, घाणेरीची जाळी. परतीच्या पावसाची एक सर दोन दिवसांपूर्वी पडून गेली होती. उतारावरचा मुरूम वाळला होता, पण सखल भागातली काळी माती अजून ओली होती. ही माती चिकटू लागली की चाक आणि मडगार्ड यांच्यामध्ये अशी गच्च बसते की चाक फिरणेच थांबते. दोनदा गाड्या आडव्या करून मिस्त्रींनी काडीने ती खरवडून काढली.

अशा वाटेवर गाडी कशी चालवावी, हे त्यांनी मला तेथेच शिकवले. डांबरी रस्त्यावर आपण बसून चालवतो. प्रत्येक खड्ड्याचा धक्का मग थेट कण्यात उतरतो. येथे पायटांवर उभे राहायचे. गुडघे आणि कोपरे किंचित वाकलेली, गुडघ्यांनी टाकी हलकेच धरलेली, हातांची मूठ सैल. वजन पायांवर राहिले म्हणजे पाय स्प्रिंगचे काम करतात, कंबर वाचते आणि गाडीही आपल्या खाली मोकळेपणाने हलते. मूठ आवळली की मनगटे भरून येतात, बोटांना मुंग्या येतात. नजर पुढच्या चाकाजवळच्या दगडावर खिळवायची नाही. दहा-पंधरा पावले पुढची वाट पाहायची. ‘‘ज्या दगडाकडं बघाल, गाडी त्याच दगडावर जाईल बघा,’’ मिस्त्री म्हणाले. हे मी पुढच्या पाच मिनिटांत दोनदा सिद्ध करून दाखवले.

तेवढ्यात मागून हॉर्न वाजला. दोन्ही बाजूंना दुधाचे कॅन बांधलेली एक मोटारसायकल आमच्या शेजारून, पायटांवर उभ्या असलेल्या चालकासह, शांतपणे पुढे निघून गेली. हेल्मेट नाही, बूट नाहीत, पायात चप्पल. त्याने मान हलवून नमस्कारही केला. आमचा सगळा डौल त्या धुळीत उतरला. ताई म्हणाल्या, ‘‘रोज दोन खेपा असतात त्यांच्या. कंबरेचा पट्टा लावा म्हणून मीच मागं लागलेय.’’

ही वाट अवघड होती, पण वेगवान नव्हती, आणि त्यातच खरी मेख होती. पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये ताशी दहा-बारा किलोमीटरने चालणाऱ्या गाडीवर वारा लागत नाही. वरून अकराचे ऑक्टोबरचे ऊन, खालून इंजिनाची धग, अंगात जाड जाकीट, डोक्यावर हेल्मेट. उठबशा काढाव्यात तसे श्रम. असे श्रम करताना घामावाटे तासाला लीटरभर किंवा त्याहूनही अधिक पाणी जाऊ शकते. माझी बाटली भरलेलीच होती.

डोके ठणकू लागले. पोटरीत गोळा आला. मग मळमळ सुरू झाली आणि इतक्या उन्हात अंगावर शहारा आला. एका वळणावर सरांनी थांबून विचारले, ‘‘साहेब, बरं आहे ना?’’ मी अंगठा उंचावला. याच अंगठ्याची आज मला सर्वाधिक लाज वाटते. थांबा, एवढा एक शब्द पुरेसा होता. पण नव्या माणसांसमोर, आपल्याहून लहान मुलासमोर, एका बाईंच्या मागून चालत असताना तो शब्द माझ्या घशातून बाहेर आला नाही.

पुढच्या नाल्याच्या उतारावर वाट पाण्यासारखी हलताना दिसली. मी घाबरून पुढचा ब्रेक आवळला. चाक घसरले आणि गाडी माझ्या डाव्या पायावर आडवी झाली.

ताईंचा प्रश्न

वेग नव्हता म्हणून हाड मोडले नाही. घोट्याच्या वरपर्यंत येणारा बूट होता म्हणून पाऊल चेंगरले नाही. डोके दगडावर आपटले. आवाज हेल्मेटचा आला. चौघे धावत आले. मिस्त्री आणि त्या मुलाने गाडी उचलली. सर मला उठवू लागले, तर ताईंनी त्यांना अडवले. आधी मान दुखते का विचारले, हातापायांची बोटे हलवायला लावली, नावगाव आणि वार विचारला. उत्तरे नीट आल्यावर त्यांनी माझा हात धरून नाडी पाहिली, कपाळाला हात लावला आणि सकाळपासून ‘साहेब’ म्हणणाऱ्या ताई एकदम म्हणाल्या :

‘‘दादा, सकाळपासून लघवीला कधी गेलात?’’

मी ओशाळलो. आठवून पाहिले. पहाटे पाचनंतर गेलो नव्हतो.

‘‘पाणी किती प्यालात? गोळी कोणती चालू आहे? काय व्हायलंय ते खरं सांगा आता.’’

मग मी सारे सांगितले. गोळीचे पाकीट खिशात होते, ते दाखवले. ताईंनी ते वाचले आणि मान हलवली. रक्तदाबाच्या काही गोळ्यांमध्ये लघवीचे प्रमाण वाढवणारे औषध असते. शरीरातले जादा मीठ-पाणी बाहेर टाकून ते रक्तदाब उतरवते. एरवी ते उपयुक्तच. पण उन्हात, घामाने पाणी जात असताना आणि पोटात अन्न नसताना तेच औषध शरीराला अधिक कोरडे करते, रक्तदाब नको इतका खाली जातो, भोवळ येते. लेण्याच्या दारात आलेली अंधारी ही त्याचीच पहिली सूचना होती.

जवळच चार-पाच घरांचा तांडा होता. ताईंना पाहून तिथली एक आजी बाहेर आली. तिच्या नातवंडांना ताईंनीच लसी टोचलेल्या होत्या. मला कडुलिंबाच्या सावलीत बाजेवर निजवले. जाकीट, बूट काढले, पायांखाली उशी ठेवली. ओल्या फडक्याने मान, काखा, छाती पुसली आणि पुठ्ठ्याने वारा घातला. ताईंच्या पिशवीत जलसंजीवनीचे पाकीट होते. ते लीटरभर स्वच्छ पाण्यात मिसळून मला घोट घोट पाजले. घटाघटा पिऊ दिले नाही. मळमळ असताना पोट ते परत पाठवते.

मिस्त्री बाजेशेजारी उकिडवे बसले होते. बराच वेळ गप्प राहून म्हणाले, ‘‘साहेब, इंजिन तापलं की तुम्ही गाडी उभी करता का नाही?’’ मी मान डोलावली. पुढे ते काही बोलले नाहीत.

अर्ध्या तासाने डोळे स्वच्छ झाले. मी उत्साहाने म्हणालो, ‘‘चला, निघू या.’’ त्यावर चौघांपैकी कोणीही हलले नाही. ताईंनी आरोग्य केंद्रातल्या डॉक्टरांना फोन लावला, औषधाचे नाव सांगितले, आणि मग निर्णय सांगितला : आज मी गाडी चालवायची नाही, येलदरीही नाही; ऊन उतरल्यावर हेल्मेट घालून सरांच्या मागे बसून जिंतूर गाठायचे आणि तपासणी करून घ्यायची. माझ्यामुळे सर्वांचा रविवार बुडाला, असे मी म्हणताच तो मुलगा म्हणाला, ‘‘काका, आजींनी भाकरी टाकलीय. बुडाला कुठं?’’ ज्वारीची गरम भाकरी, लसणाची चटणी आणि सीताफळे. त्या जेवणाची चव मी विसरणार नाही.

स्पर्धेतही थांबतात

डोंगरवाटेवर मोटारसायकल चालवण्याचा खेळ जुना आहे. १९१३ साली इंग्लंडमधील कार्लाईल येथे सहा दिवसांची पहिली आंतरराष्ट्रीय स्पर्धा झाली. तिच्यात पहिला कोण येतो यापेक्षा गाडी आणि चालक सहा दिवस न मोडता टिकतात का, हे पाहिले जाई. आजच्या दाकार या जगातील अत्यंत खडतर शर्यतीत जखमी स्पर्धकाला मदत करण्यासाठी जो थांबतो, त्याचा तेवढा वेळ त्याला परत दिला जातो. जेथे सेकंदासेकंदाचा हिशेब आहे, तेथे थांबण्याची ही किंमत राखली जाते. आणि मी मात्र एका रविवारच्या सहलीत, जेथे हरण्या-जिंकण्याचा प्रश्नच नव्हता, तेथे थांबायला लाजलो.

तुम्ही निघण्यापूर्वी

अशा वाटेची हौस तुम्हाला किंवा तुमच्या मुलांना असेल, तर ती जरूर पुरी करावी. मात्र काही गोष्टी घरूनच ठरवून निघाव्यात.

औषधे : रक्तदाब, मधुमेह किंवा हृदयविकाराची औषधे चालू असतील तर उन्हातल्या श्रमाविषयी आपल्या डॉक्टरांशी आधी बोलावे. स्वतःच्या मनाने गोळी बंद करू नये वा तिची वेळ बदलू नये. माझ्या डॉक्टरांनी माझी गोळी बदलून दिली, ती तपासणीनंतरच. मणक्याचे दुखणे, फिट्स, नुकतीच झालेली शस्त्रक्रिया किंवा गर्भारपण असताना हा छंद बाजूला ठेवावा.

पाणी आणि अन्न : न्याहारी केल्याखेरीज निघू नये. तहान लागण्याची वाट न पाहता दर पंधरा-वीस मिनिटांनी चार घोट प्यावेत. ज्यांना डॉक्टरांनी पाणी मोजून प्यायला सांगितले आहे, त्यांनी ते प्रमाण आधी विचारून घ्यावे. जलसंजीवनीचे पाकीट नसेल तर लीटरभर स्वच्छ पाण्यात साखरेचे सहा सपाट छोटे चमचे आणि मिठाचा अर्धा छोटा चमचा घालून ते घरी करता येते. लघवी पिवळीजर्द होणे किंवा तासन्‌तास न होणे, ही शरीराची स्पष्ट तक्रार असते.

ओळखायची खूण : डोकेदुखी, पेटके, मळमळ, भोवळ, अतिघाम ही थकव्याची अवस्था, सावली, गारवा आणि पाणी यांनी ती बहुधा आवरते. पण माणूस असंबद्ध बोलू लागला, गोंधळला, शुद्ध हरपू लागली आणि अंग भट्टीसारखे तापले, तर तो उष्माघात असू शकतो. अशा वेळी १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी आणि ती येईपर्यंत अंगावर पाणी ओतून, वारा घालून शरीर थंड करत राहावे. बेशुद्ध माणसाच्या तोंडात पाणी घालू नये.

पोशाख : आयएसआय चिन्हाचे, हनुवटीखाली पट्टा बांधलेले हेल्मेट. अनेक अभ्यासांचा एकत्रित निष्कर्ष असा, की हेल्मेटमुळे अपघातातील मृत्यूचा धोका सुमारे ४२ टक्क्यांनी आणि डोक्याच्या दुखापतीचा सुमारे ६९ टक्क्यांनी कमी होतो. घोटा झाकणारे बूट, हातमोजे, गुडघ्याचे संरक्षक. पडलेल्या माणसाची मान दुखत असेल तर, श्वास नीट चालू असताना, हेल्मेट घाईने ओढून काढू नये.

वाट : पावसाळ्यात आणि त्यानंतर दगडांच्या कपारींत फुरसे, घोणस असतात, आडोशाला जाताना काठी आपटत जावे. सर्पदंश झालाच तर चिरा देणे, आवळून बांधणे असले उपाय टाळून तो अवयव हलू न देता रुग्णाला थेट रुग्णालयात न्यावे. उभ्या पिकातून गाडी नेऊ नये. वनखात्याच्या हद्दीत परवानगीविना शिरू नये.

आणि सोबत : एकट्याने जाऊ नये. पुढे वाट माहीत असलेला, सर्वांत मागे सर्वांत अनुभवी, आणि मधल्या साऱ्यांचा वेग सर्वांत नवख्या माणसाचा, हा क्रम ठेवावा. निघण्यापूर्वी एक खूण ठरवावी. कोणीही हात वर केला की सर्वांनी थांबायचे, आणि ‘का’ हे विचारायचे नाही.

येलदरी

दिवाळीनंतर, थंडी पडू लागली तेव्हा आम्ही पुन्हा निघालो. तीच पाच माणसे, तीच वाट. या खेपेस जिंतूरला मी पोहे खाल्ले. नाल्याच्या अलीकडे पोटरी भरून आल्यासारखी वाटली आणि मी हात वर केला. चार गाड्या थांबल्या. कोणी काही विचारले नाही. सरांनी डबा उघडून चिवडा पुढे केला, मिस्त्री टायर तपासू लागले, आणि त्या मुलाने हळूच कबूल केले की त्यालाही मघापासून थांबायचेच होते. पुढच्या चढावर त्यानेच हात वर केला.

दुपारच्या आत आम्ही शेवटच्या टेकडीवर पोचलो. खाली येलदरीचा जलाशय पसरला होता. पूर्णेवरचे हे धरण १९६८ साली पूर्ण झाले. त्याच्या पायथ्याशी वीज तयार होते, त्याच्या पाण्यावर शेती पिकते आणि परभणीच्या नळांनाही हे पाणी पोचते. ज्या पाण्याचे दोन घोट त्या दिवशी मी वेळेवर घेतले नव्हते, ते माझ्या खोलीतल्या माठात रोज या डोंगरांच्या कुशीतूनच येत होते. वाऱ्याने पाण्यावर बारीक सुरकुत्या उठत होत्या. दूर एक होडी स्थिर उभी होती. आम्ही पाचही जण बराच वेळ न बोलता बसून राहिलो. मग ताईंनी आपली बाटली माझ्याकडे सरकवली आणि मी ती निमूटपणे अर्धी केली.

वाचकहो, तुमच्या घरातला कोणी अशा वाटेला निघणार असेल तर गाडीचे तेल, हवा, ब्रेक पाहून घेतालच. त्याबरोबर ताईंचा तो साधा प्रश्नही त्याला विचारून ठेवा, आणि त्याचे खरे उत्तर ऐकल्याशिवाय त्याला दारातून हलू देऊ नका.

परतताना तांड्यापाशी थांबलो. आजी अंगणात भुईमुगाच्या शेंगा वाळत घालत होती. तिने मान वर करून माझ्याकडे निरखून पाहिले आणि विचारले, ‘‘पाणी पिऊन आला का आज?’’